घरात, कमी आवाजात मेटल: ट्यूब काँबो घेण्याआधी हे वाचा

"फ्लॅटमध्ये राहतो, मेटल वाजवतो, किती वॅटचा ट्यूब ॲम्प घेऊ?" हा प्रश्न आम्हाला फोनवर, मेसेजवर आणि काउंटरवर सतत येतो. उत्तर थोडक्यात देता येत नाही, कारण प्रश्नातच गडबड आहे. वॅट बघून ॲम्प घेतला की महिन्याभरात तो बदलून मागायला लोक येतात. त्यांचा वेळ जातो, आमचाही जातो. म्हणून हे माहितीपत्रक. (काँबो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात.) गिटार, पेडल, गेन, मास्टर हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहिलं आहे.

वॅटचा हिशोब

१२ इंची चांगल्या स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. म्हणजे फक्त एक वॅट दिला, तर एक मीटरवर इतका आवाज येतो. सेलेस्टियन सेव्हन्टी ८० चा आकडा ९८ आहे, व्हिंटेज ३० चा १००. आता घरात तुम्ही किती आवाजात वाजवणार? टीव्हीपेक्षा थोडा जास्त, समजा ७५ ते ७८ डेसिबल. ९८ वरून ७८ म्हणजे २० डेसिबल खाली, म्हणजे वॅटचा शंभरावा भाग. दहा मिलिवॅट! ॲम्पवर ५ लिहिलेलं असो, २० असो की ६०, घरात तुम्ही मिलिवॅटच वापरता.

वॅट अर्धे केले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला "अर्धा झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहा पटींनी कमी व्हावे लागतात. म्हणून २० वरून १० वॅटवर नेणारा स्विच दाबून "काही फरकच पडला नाही" अशी तक्रार घेऊन येऊ नका. स्विच बिघडलेला नाही, तो तेवढंच करतो. १०० वॅटच्या हेडमधल्या (स्पीकर नसलेला सुटा ॲम्प) दोन पॉवर ट्यूब काढून ठेवायचा सल्ला मित्र देतात, त्याचंही हेच.

"पण ट्यूब ॲम्प फुल केल्याशिवाय वाजत नाही ना?" ब्लूज आणि जुन्या रॉकसाठी यात तथ्य आहे, तिथे पॉवर ट्यूब आणि स्पीकर दोघांनाही ढकलावं लागतं. मेटलचं डिस्टॉर्शन मात्र प्रीॲम्पमध्ये तयार होतं, म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधीच्या भागात. १२एएक्स७ या छोट्या ट्यूबच्या तीन-चार गेन स्टेज एकापाठोपाठ एक, आणि मास्टर त्यांच्या पुढे. मास्टर कमी केला तरी गेन तितकाच राहतो. उलट पॉवर ट्यूब क्लिप झाल्या (ताकदीबाहेर जाऊन फाटू लागल्या) की पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून मारलेला दबका स्ट्रोक) चिकट होतो आणि वेगात वाजवलेले स्ट्रोक एकमेकांत मिसळतात. मेटलला पॉवर ॲम्प स्वच्छ आणि तगडा हवा, म्हणजे वॅट शिलकीत हवेत.

इथेच एक-दोन वॅटचा छोटा काँबो मार खातो. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान, स्पीकर आठ इंची, खोकं छोटं. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर वाजते, सी पर्यंत उतरवली (ड्रॉप सी) तर ६५, सात तारांच्या गिटारची बी ६२ च्या आसपास. आठ इंची स्पीकर या पट्ट्यात जवळजवळ काहीच देत नाही. त्यात पॉवर ट्यूब लवकर क्लिप होते, बास वाढवला की आणखी लवकर. आवाज मात्र पुरेसा मोठा असतो, म्हणजे शेजाऱ्याची तक्रार आहे तशीच राहते. आम्ही असे ॲम्प विकतो, पण मेटलवाल्याला देण्याआधी दोनदा विचारतो. विक्री हातची जाते, चालतं. आठवड्यात परत आलेल्या ॲम्पपेक्षा ते बरं.

मग बघायचं काय

सर्वांत आधी मास्टरचा नॉब. शून्यापासून हळूहळू फिरवा. काही ॲम्पमध्ये १ पर्यंत काहीच येत नाही आणि १.२ ला खोली हादरते. घरी तुम्ही नेमके याच पट्ट्यात राहणार असता. नॉब ०.५ ते २ च्या दरम्यान शांतपणे चढतो का, त्या जागी तिखटपणा मरतो का, हे ऐकून ठरवा. दुकानात ॲम्प ५ वर लावून ऐकायचा आग्रह बहुतेक जण धरतात. आम्ही तो मोडतो आणि बरेच जण नाराज होतात. पण ५ वर सगळेच ॲम्प छान वाजतात. तुम्हाला घ्यायचा आहे तो १ वर छान वाजणारा.

दुसरी गोष्ट इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये पेडल लावायचे सेंड-रिटर्न जॅक), आणि तो सिरीज हवा, म्हणजे सगळा सिग्नल त्यातूनच जाणारा. याचं कारण खाली येतंच आहे.

तिसरा स्पीकर. १२ इंची पहिली पसंती, १० इंची चालेल. खोकं मागून उघडं असेल तर भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा, बास भरून येतो. रेझोनन्सचा नॉब असेल तर उत्तम, कमी आवाजात तो बासच्या नॉबपेक्षा नीट काम करतो, कारण प्रीॲम्पला हात न लावता खालचा भाग उचलतो.

आता नावं घेऊन. मार्शल डीएसएल २० सीआर: दोन ईएल३४ पॉवर ट्यूब, १२ इंची सेव्हन्टी ८०, २० किंवा १० वॅट, लूप आणि रेझोनन्स दोन्ही. फ्लॅटसाठी आम्ही बहुतेकांना आधी हाच ऐकवतो. त्याचाच धाकटा डीएसएल ५ सीआर १० इंची आहे आणि ०.५ वॅटवर उतरतो, अभ्यासाला ठीक, ड्रॉप ट्यूनिंगला तोकडा. ब्लॅकस्टार एचटी-५आर फक्त ५ वॅटचा, पण पॉवर स्टेज पुश-पुल (सिग्नलचे दोन अर्धे वाटून घेणारी) आणि स्पीकर १२ इंची. पाच वॅटचे सगळे काँबो सारखे नसतात ते यावरून कळतं. ऑरेंज रॉकर १५ चे स्विच १५, ७, १ आणि ०.५ वॅट असे उतरतात. आवाज दाट, दाणेदार, पण आधुनिक घट्ट मेटलसाठी समोर बूस्ट पेडल लागेलच. ईव्हीएच ५१५० आयकॉनिक ४० वॅटवरून १० वर येतो, नॉइज गेट आतच आहे. पीव्ही ६५०५ प्लस ११२ हा ६० वॅटचा, दोन ६एल६ वाला. त्याचा आवाज हवा असेल तर वॅट पाहून घाबरू नका, पण लूपमध्ये व्हॉल्यूम बॉक्स लावायची तयारी ठेवा.

लूपमधला व्हॉल्यूम बॉक्स

छोट्या ॲल्युमिनियमच्या डबीत दोन जॅक आणि १०० किलोओहमचा एक लॉग पॉट (आवाजाच्या नॉबचा भाग), बस इतकंच. बॅटरी नाही, अडॅप्टर नाही. सेंडमधून आत, बाहेरून रिटर्नला. आधी डबीचा नॉब शून्यावर, मग ॲम्पचा मास्टर ३-४ वर, मग डबीने आवाज हळूहळू वर आणा. यात जादू काही नाही, हा फक्त दुसरा मास्टर आहे. फायदा एवढाच की ॲम्पचा मास्टर त्याच्या चांगल्या पट्ट्यात बसतो आणि केसाएवढ्या फरकासाठी नॉबशी झटापट करावी लागत नाही. दोन्ही पॅच केबल फुटभराच्या ठेवा, लांब केबलने ट्रेबल जातो. लूप पॅरलल असेल (मिक्स नॉब असतो, त्यावरून ओळखा), तर मिक्स १०० टक्क्यांवर लागतो, आणि तरीही काही ॲम्पमध्ये थोडा आवाज बाजूने निसटतो.

ही डबी आम्ही बनवून देतो. सोल्डरिंग येत असेल तर घरी करा, सामान आमच्याकडूनच न्या. तुमच्याकडे ग्राफिक ईक्यू पेडल असेल तर डबीही नको. तेच लूपमध्ये लावा, लेव्हल खाली घ्या, वर टोनही सावरता येतो.

ॲटेन्युएटरबद्दलही विचारणा असते. तो ॲम्पच्या आउटपुट आणि स्पीकरच्या मध्ये बसून स्पीकरला जाणारे वॅट कमी करतो आणि पॉवर ट्यूबना ढकलायच्या शैलींना उपयोगी पडतो. मेटलसाठी एवढे पैसे घालायची गरज क्वचितच असते. घेतलाच, तर ओहम जुळवा (८ ला ८, १६ ला १६) आणि स्पीकर केबलच वापरा, गिटारची नाही. आणि स्पीकर काढून, लोड न लावता ट्यूब ॲम्प चालू करू नका, "एक मिनिटच" म्हणूनसुद्धा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, ट्यूब सॉकेटवर ठिणगी पडते आणि दुरुस्तीचं बिल ॲम्पच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतं. लाइन आउटला हेडफोन लावला म्हणजे स्पीकरची वायर काढता येते, असं समजू नका. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल तसं स्पष्ट सांगत असेल तरच.

पहिली १२एएक्स७ काढून तिथे १२एयू७ लावायचा उद्योगही नको. तिचा गुणक १०० वरून २० च्या आत येतो, त्यामुळे आधी गेन मरतो, आवाज नंतर.

सेटिंग, म्हणजे निम्म्या तक्रारींचं मूळ

"कमी आवाजात ॲम्प पातळ वाजतो" म्हणून आलेला ॲम्प आम्ही लावतो तेव्हा नॉब बहुधा असे सापडतात: गेन १०, बास १०, मिड ०, ट्रेबल ८. कमी आवाजात माणसाचा कान बास आणि ट्रेबल कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून थोडा बास वाढवणं बरोबर आहे. पण मिड काढून टाकलात तर कानाला नीट ऐकू येणारा एकमेव पट्टाच गेला, मग आवाज वाढवावासा वाटणारच.

असं करून बघा. गेन ५, बास ६, मिड ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४, रेझोनन्स ६-७. समोर ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल: ड्राइव्ह ०, लेव्हल पूर्ण, टोन अर्ध्यावर. हे पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कापून मिड पुढे आणतं, म्हणून ॲम्पमध्ये शिरणारा बास आवरला जातो आणि पाम म्यूट घट्ट होतो. त्यानंतर गेन आणखी अर्धा घर कमी करता येतो का बघा. बहुतेकदा येतो, आणि सूं-सूं आवाजही तेवढाच उतरतो.

काँबो जमिनीवर ठेवून उभं राहून वाजवू नका. ट्रेबल सरळ रेषेत जातो, म्हणजे तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो. मग तुम्ही ट्रेबल चढवता, आवाज चढवता. स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा. खाली फोमचा तुकडा घाला, खालच्या मजल्यावर धम्म पोचतं ते जमिनीतून.

घुर्र, खर्रर्र आणि आवाज अचानक बसणं

हाय गेनवर प्रत्येक दोष दहापट ऐकू येतो. आधी अर्थिंग बघा. तीन पिनांपैकी अर्थची पिन तोडून हम घालवलेले ॲम्प आमच्याकडे येतात. पिन बसवल्याशिवाय आम्ही ते परत देत नाही, यावर वाद घालू नये. आत ४०० व्होल्टच्या वर असतं आणि ते बटण बंद केल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये टिकतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल आणि घुर्र वाढली, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा, ॲम्पला नावं ठेवू नका.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. मागची पट्टी न वाचता तो २३० ला लावू नका. वीस ते साठ वॅटच्या काँबोला ५०० व्हीएचा स्टेप-डाउन घ्या, आणि तो तीन पिनांचा, अर्थ पुढे नेणारा असू द्या. बाजारात स्वस्त मिळणारे दोन पिनांचे अर्थ तोडतात.

कोकण, गोवा, मुंबई इथल्या ग्राहकांसाठी खास: पावसाळ्यानंतर आवाज अचानक बसतो, खरखरतो, जोरात वाजवलं की परत येतो. लोक ट्यूब बदलतात, बहुधा ट्यूबचा दोष नसतो. लूपच्या रिटर्न जॅकमध्ये एक छोटा स्विच असतो, केबल नसताना सिग्नल त्यातून जातो. दमट हवेने त्याचे संपर्क काळे पडतात. एक पॅच केबल सेंडमधून थेट रिटर्नला लावा. आवाज पूर्ववत झाला तर दोष तिथेच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर, बहुतेकदा एवढ्यात काम होतं. ही चाचणी घरी करून मगच ॲम्प आणा, आमचं तपासणी शुल्क वाचेल. शुल्क ४०० रुपये आहे, दुरुस्ती केली तर बिलातून वजा होतं.

ऐकायला येताना

स्वतःची गिटार आणा, नेहमीच्या तारा आणि नेहमीचं ट्यूनिंग ठेवून. दुकानातल्या गिटारवर ठरवलेला ॲम्प घरी वेगळा वाजतो. फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकून घ्या आणि आदल्या दिवशी घरी, वाजवता त्या जागेवरून, चालणारा आवाज मोजून आकडा लिहून आणा. फोनचा मीटर अचूक नसतो, पण तोच फोन दोन्हीकडे असला की तुलना होते. आम्ही ॲम्प त्या आकड्यावर लावतो, मग तुम्ही पाऊण तास वाजवा, मध्ये कुणी येणार नाही. शनिवार-रविवार हे जमत नाही, इतर दिवशी वेळ ठरवून या.

निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. रोज रात्री अकरानंतरच वेळ मिळत असेल, तर ट्यूब काँबो घेऊ नका असंच आम्ही सांगू. मॉडेलर (ॲम्पचा आवाज डिजिटल पद्धतीने बनवणारं यंत्र) आणि हेडफोन घ्या, तेही ठेवतो, आणि त्यात खर्चही कमी होतो.

विकलेला ॲम्प "आवाज जास्त आहे" या कारणाने आम्ही बदलून देत नाही, पण वर सांगितल्याप्रमाणे ऐकून घेतला असेल तर दहा दिवसांत देतो, खोका आणि बिल सोबत हवं. नेताना काँबो स्कूटरवर पायाशी उभा करून नेऊ नका, खड्ड्यांनी ट्यूब सॉकेटमधून ढिल्या होतात. रिक्षा करा, स्पीकरची बाजू सीटच्या पाठीकडे ठेवा, आणि घरी पोचल्यावर मागून बघून सगळ्या ट्यूब बसलेल्या आहेत याची खात्री करूनच प्लग लावा.