कवक-संवर्धन जमा करणे

कवक-संवर्धन जमा करणे : निसर्गातून वेगळी करून शुद्ध वाढवलेली बुरशी तिच्या नोंदीसह एखाद्या संग्रहाकडे जतनासाठी सोपवणे. शोधनिबंधात छापलेले वर्णन दुसऱ्याला पडताळायचे असेल, तर ती बुरशी जिवंत हाती यावी लागते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेले पेनिसिलियम (पेनिसिलिन हे औषध देणारी बुरशी) ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून दहा वर्षांनी तेथे पेनिसिलिनवर काम सुरू होऊ शकले.

पुण्यात या कामाचे मुख्य ठिकाण म्हणजे आघारकर संशोधन संस्था. वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने सुरू झाली. (संस्था ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, दोन्ही नावांची गल्लत नेहमी होते.) राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह येथे आहे, आणि वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर कवक संग्रहही येथेच. ही जोडी फार मोलाची आहे. नव्या जातीचा मूळ नमुना जिवंत, वाढत असलेला चालत नाही, तो निष्क्रिय अवस्थेत कायम टिकणारा हवा, असा नामकरणाचा नियम आहे. त्यामुळे ताम्हिणीच्या जंगलातून आणलेल्या पानावरची बुरशी वाळवून एका संग्रहात जाते आणि तिचेच जिवंत संवर्धन दुसऱ्यात.

जमा करण्याआधीची मेहनत मोठी असते. लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज ही साखर आणि ते घट्ट करणारे अगार हे बुरशी वाढवण्याचे नेहमीचे माध्यम. ते गरम असतानाच परीक्षानळीत ओतून नळी तिरकी ठेवली की आत उतार तयार होतो. त्याला स्लँट म्हणतात. त्यावर वाढलेल्या बुरशीत दुसरे काहीही मिसळलेले नसावे. सोबतच्या अर्जात यजमान वनस्पती किंवा माती, ठिकाण, तारीख, संकलकाचे नाव, माध्यम आणि वाढीचे तापमान लिहायचे असते. ‘पुणे परिसर’ एवढेच लिहिलेली नोंद पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगाची नाही. संग्रहात शुद्धता आणि ओळख तपासली जाते व मग संवर्धनाला क्रमांक मिळतो. निबंधात तोच द्यायचा असतो.

खरी कसोटी जतनाची. बुरशी नुसती एका नळीतून दुसऱ्या नळीत नेत राहिले, तर काही पिढ्यांत ती बिघडते: हिरव्या, बीजाणूंनी भरलेल्या वाढीत पांढरा कापसासारखा पट्टा उमटतो, आणि तिथे बीजाणू धरत नाहीत. बारीक माइट किडे नळ्यांमधून फिरून एकीची बुरशी दुसरीत नेतात, तो धोका वेगळाच. म्हणून स्लँटवर खनिज तेल ओततात, बीजाणू देणाऱ्या जाती गोठवून निर्वातात वाळवतात आणि काही उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. विद्यार्थ्याची पीएच.डी. संपल्यावर विभागाच्या फ्रिजमध्ये राहिलेल्या नळ्यांना हे काहीच मिळत नाही. त्या वर्षा-दोन वर्षांत सुकतात आणि निबंधातले नाव निराधार होते. निबंध पाठवण्यापूर्वीच संवर्धन जमा करावे, ते यासाठी.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात देणे बंधनकारक आहे. पेटंटसाठीची ठेव वेगळी असते. ती १९७७ च्या बुडापेस्ट कराराखाली मान्यता असलेल्या केंद्रातच करावी लागते आणि किमान तीस वर्षे जपली जाते. पुण्यात ही सोय राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहे.