क्वीन्सवे (बर्मिंगहॅमचा अंतर्गत रिंग रोड)

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या मध्यवस्तीला वेढणारा वर्तुळाकार रस्ता. तो १९५७ ते १९७१ या काळात केवळ मोटारींचा विचार करून बांधला गेला आणि पुढे तुकड्यातुकड्याने मोडण्यात आला. आज त्याचा पूर्वेकडील भाग मुख्यतः बसगाड्यांचा व पादचाऱ्यांचा झाला आहे. पश्चिमेकडे मात्र ए३८ हा महामार्ग अजूनही भुयारांतून शहराच्या पोटातून जातो. हे वर्तुळ आता अखंड राहिलेले नाही.

रस्त्याची कल्पना हर्बर्ट मॅन्झोनी यांची. १९३५ ते १९६३ एवढा प्रदीर्घ काळ ते बर्मिंगहॅमचे नगर अभियंता होते. १९४६च्या कायद्याने महापालिकेला जमीन संपादन करून रस्ता बांधण्याचे अधिकार मिळाले, पण युद्धानंतरच्या पैशाच्या टंचाईमुळे प्रत्यक्ष काम १९५७ उजाडेपर्यंत सुरू झाले नाही. त्याआधीच, जुलै १९५३ मध्ये, शहरातली शेवटची ट्राम धावून बंद झाली होती. नव्या रस्त्यावर सार्वजनिक वाहतूक म्हणजे मोटारींच्याच गर्दीतून वाट काढणारी बस, एवढेच उरले.

१९६० मध्ये खुला झालेला स्मॉलब्रुक हा पहिला टप्पा पुढच्या टप्प्यांपेक्षा अगदी वेगळा होता. रस्ता रुंद असला तरी त्याला पदपथ होते, कडेला दुकाने होती आणि जेम्स रॉबर्ट्स या वास्तुविशारदाची लांबलचक, वळणदार इमारत होती. म्हणजे तो अजून शहरातला रस्ता वाटे. पुढच्या टप्प्यांत वेगाला महत्त्व आले. दुकाने गेली, भुयारे, उन्नत मार्ग आणि मोठाले गोल चौक आले. पादचाऱ्यांना पायऱ्या उतरून भुयारी वाटांनी पलीकडे जावे लागू लागले. ७ एप्रिल १९७१ रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या हस्ते उद्घाटन झाले. ‘क्वीन्सवे’ हे नाव खरे तर एका भुयारापुरते ठरले होते, पण समारंभात ते सबंध रस्त्यालाच दिले गेले, असे सांगतात.

रस्त्याने वाहतूक वाहती ठेवली, शहर मात्र आवळले. आतली मध्यवस्ती पायी वीसेक मिनिटांत ओलांडता येईल एवढी लहान. तिच्याभोवती हा वेढा पडल्यावर बाजार, सेंट मार्टिन चर्च आणि पूर्वेकडची जुनी औद्योगिक वस्ती तिच्यापासून तुटली. ‘काँक्रीटची कॉलर’ हे टोपणनाव त्यातूनच रूढ झाले. शहराचे एकेकाळचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांच्या जुन्या निवासस्थानी, हायबरी येथे, १९८८ मध्ये नगररचनाकारांची परिषद झाली आणि ही कॉलर फोडायची, असा विचार तिथून पक्का झाला.

फोडायची म्हणजे आधी आरपार जाणाऱ्या गाड्यांची दुसरीकडे सोय लावायची. ए४५४० हा मधला रिंग रोड थोड्या बाहेरून जातो. त्याचे काम १९९०च्या दशकाअखेर पूर्ण झाले, तेव्हा आतल्या रस्त्याचे मूळ प्रयोजन संपले. पर्यायी वर्तुळाशिवाय आतले वर्तुळ तोडले असते, तर बसगाड्याच कोंडीत सापडल्या असत्या. पाडकामाच्या छायाचित्रांत हा भाग दिसत नाही, पण सगळ्या बदलाचा पाया तोच आहे.

१९९०च्या दशकात ओल्ड स्क्वेअरचा खोलगट गोल चौक भरून जमिनीच्या पातळीवर आणला गेला. २००२ मध्ये मासहाउस सर्कस या मोठ्या गोल चौकाचा उन्नत मार्ग पाडायला सुरुवात झाली. त्याच्या जागी साधे चौक आणि पायी ओलांडता येणारे रस्ते आले, आणि पूर्वेकडच्या ईस्टसाइड भागाला मध्यवस्तीचे दार उघडले. २००३ मध्ये नवे बुलरिंग व्यापारी संकुल उभे राहिले, तिथे तर मूळ मांडणीच उलटली: पूर्वी गाड्या वर आणि माणसे भुयारात, आता न्यू स्ट्रीटवरून चर्चकडे माणसे उघड्यावरून चालत जातात आणि गाड्या त्यांच्याखालून. मूर स्ट्रीट क्वीन्सवे हा वर्तुळाचा पूर्वेकडील तुकडा आता बसथांब्यांच्या रांगांचा रस्ता आहे.

ट्रामचे पुनरागमन याच्याशीच जोडलेले, पण संथ. वुल्व्हरहॅम्प्टनहून येणारी मेट्रो ट्राम १९९९ मध्ये सुरू झाली, तरी ती स्नो हिल स्थानकाशीच थांबत असे. बाजारपेठेत शिरत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये ती बुल स्ट्रीटपर्यंत, २०१६ मध्ये न्यू स्ट्रीट स्थानकापर्यंत आणि डिसेंबर २०१९ मध्ये सेंटेनरी स्क्वेअरपर्यंत आली. २०१९च्या या टप्प्यात डोक्यावर वीजवाहिन्या नाहीत. व्हिक्टोरिया स्क्वेअरमधल्या जुन्या इमारतींसमोरून ट्राम बॅटरीवर धावते. वाटेत ती पॅराडाइज सर्कस ओलांडते. एकेकाळी इथे गोल चौकाच्या मधोमध महापालिकेचे मध्यवर्ती ग्रंथालय होते. २०१६ मध्ये ते पाडून परिसराची नव्याने आखणी सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये मार्ग एजबॅस्टनपर्यंत वाढला. त्यासाठी मधल्या रिंग रोडवरील फाइव्ह वेज चौकाखालचे, मोटारींसाठी बांधलेले भुयार ट्रामला मिळाले. ही अदलाबदल या प्रकल्पातली सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. मूर स्ट्रीट क्वीन्सवे ओलांडून डिगबेथकडे जाणारा पूर्वेचा फाटा हा पुढचा टप्पा.

१ जून २०२१ पासून ए४५४०च्या आतल्या भागात स्वच्छ हवा क्षेत्र लागू झाले. प्रदूषणाच्या निकषांत न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला ८ पौंड, मालमोटारीला ५० पौंड शुल्क पडते. त्याच वर्षी मंजूर झालेल्या वाहतूक आराखड्यात मध्यवस्तीचे विभाग पाडण्याचे ठरले. खासगी मोटारीने एका विभागातून दुसऱ्यात थेट जायचे नाही; बाहेर ए४५४०वर यायचे आणि वळसा घालून पुन्हा आत शिरायचे. बस, ट्राम, सायकल आणि पादचारी यांना हे बंधन नाही.

पश्चिमेकडची भुयारे हा अजून न सुटलेला भाग. २०१३ आणि २०१४च्या उन्हाळ्यांत दुरुस्तीसाठी ती काही आठवडे बंद ठेवावी लागली होती. ए३८वरील आरपार वाहतूक मधल्या रिंग रोडवर वळवण्याचा विचार २०२१च्या आराखड्यात आहे, पण त्यासाठी ए४५४०च्या चौकांची क्षमता आधी वाढवावी लागेल.