संतापी माणसाच्या पोटात नदी

'संतापी माणसाच्या पोटात नदी (२)' हे गूढ शब्दकोड्यातलं एक शोधसूत्र. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. खान्देशातला माणूस नदी म्हटल्यावर तापीच सांगेल आणि बरोबरही ठरेल. पण ते पटवून द्यायचं तर 'संतापी'वरचं 'सं' बोटाने झाकून दाखवावं लागतं.

गूढ शब्दकोड्यातल्या शोधसूत्रात दोन गोष्टी असतात: एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, बाकीच्या भागात ते जुळवायची कृती. वाचताना मात्र तिसरंच चित्र उभं राहतं. 'कोंड्यामागे दिसली माराची खूण, गाडी बदलायचं ठिकाण (४)' हे वाचून शेतातली मारामारी आठवते. कोंडा म्हणजे भुसा, माराची खूण म्हणजे वळ, झालं भुसावळ. इंग्लंडचे कोडेकार ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये घातलेला दंडक असा, की वरवरचा अर्थ खोटा असला तरी चालेल, पण खरा अर्थ त्याच शब्दांतून निघायला हवा.

मग एवढं साधं का सुचत नाही? कारण आपण वाचण्यात तरबेज असतो. 'भुसावळ' आपण अक्षरं जोडून वाचत नाही, अख्खा गोळा एकदम उचलतो. मानसशास्त्रज्ञ ग्युंटर क्नोब्लिश आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काड्यांनी मांडलेली रोमन अंकांची चुकीची समीकरणं लोकांना एक काडी हलवून दुरुस्त करायला दिली. रोमन चारातली (IV) उभी काडी लोक सहज उचलत, कारण तिला एकटीलाही अर्थ आहे. दहाची फुली (X) मोडून तिचा पाच (V) करणं मात्र जड गेलं. फुलीतली एकेक काडी म्हणजे काहीच नव्हे. गोळा जितका घट्ट, तितका तो फोडणं कठीण.

दुहेरी अर्थाच्या शब्दांची गंमत वेगळी. 'दिवाळीत पुजतात, जळगाव जिल्ह्यात राहतात (३)': चोपडा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांच्या १९७९ च्या प्रयोगात असं दिसलं, की अनेकार्थी शब्द कानावर पडताच त्याचे दोन्ही अर्थ मनात जागे होतात. काही अक्षरं पुढे जाईपर्यंत संदर्भाला न जुळणारा अर्थ मावळतो. कोडेकार नेमका हा मावळलेला अर्थ मागतो. अमळनेरच्या माणसाला आधी गाव आठवेल, मुंबईच्या व्यापाऱ्याला वही.

उत्तर चमकतं तेव्हा डोक्यात काय होतं, हे मेंदूचे अभ्यासक मार्क बीमन आणि जॉन कूनिओस यांच्या गटाने २००४ मध्ये शब्दांची छोटी कोडी सोडवणाऱ्यांचे मेंदूलेख (मेंदूतल्या विद्युत लहरींचे आलेख) घेऊन तपासलं. उत्तर सुचल्याचं कळण्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात वेगवान लहरींचा झोत दिसला. म्हणून कोडी फक्त उजवा मेंदू सोडवतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. अर्थ लावायला दोन्ही बाजू राबतात.

इंग्रजी कोडेकार सुटी अक्षरं हवी तशी पिसतात. आपल्याकडे मात्रा अक्षराला चिकटलेली, त्यामुळे ती चैन नाही. पाचोऱ्यात चोर लपवायला गेलात तर फसाल, कारण शेवटी 'र' नाही, 'रा' आहे; फार तर 'चोरा' अशी हाक मारता येईल. चाळीसगावावर तर सूत्र रचूच नये, ते आपलं गुपित स्वतःच सांगत बसतं.