‘ताशी’ नको, नुसता ‘नॉट’

पावसाळी वाऱ्यांच्या बातम्यांत अधूनमधून ‘ताशी 35 नॉट’ असं वाचायला मिळतं. यातला ‘ताशी’ फुकटचा. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल. तास त्याच्या पोटातच आहे.

नॉट म्हणजे गाठ, आणि ती खरोखर दोरीचीच होती. शिडाच्या जहाजांवर पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी असे. ती पाण्यात उभी राहावी म्हणून गोल कडेला शिसं ठोकलेलं. फळी मागून समुद्रात सोडायची. ती जवळपास जागीच राही, जहाज पुढे जाई आणि रिळावरची दोरी उलगडे. दोरीला दर 14.4 मीटरवर गाठ. वाळूचं घड्याळ 28 सेकंदांत रिकामं झालं की खलाशी दोरी आवळी. तोवर हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट. 28 सेकंदांत 14.4 मीटर म्हणजे तासाला साधारण 1852 मीटर, बरोब्बर एक सागरी मैल. या फळीचं नाव ‘लॉग’. तिचे आकडे ज्या वहीत चढत ती लॉगबुक, आणि आपलं मोबाइलवरचं ‘लॉगिन’ त्याच घराण्यातलं!

पण 1852च का? अक्षांशाच्या एका अंशात 60 मिनिटं असतात. त्यातल्या एका मिनिटाचं जमिनीवरचं अंतर म्हणजे सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी असल्यामुळे ते विषुववृत्तापाशी 1843 मीटर, तर ध्रुवांपाशी 1862 भरतं. म्हणून 1929 साली मोनॅकोच्या परिषदेत 1852 ठरलं. दर्यावर्दींची मोठी सोय झाली ती नकाशावर. मुंबई 18 अंश 55 मिनिटांवर, गोव्याचं मुरगाव बंदर 15 अंश 25 मिनिटांवर. फरक 210 मिनिटांचा, म्हणजे मुरगाव 210 सागरी मैल दक्षिणेला. कर्कटक घेऊन नकाशाच्या उभ्या कडेवर मोजलं की झालं, वेगळी पट्टी लागत नाही.

पृथ्वीचा पूर्ण घेर 360 गुणिले 60, म्हणजे 21,600 सागरी मैल. शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करायची तर किमान एवढं अंतर कापावं लागतं. दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्यातून निघाली आणि 21 मे 2018 रोजी परतली. यातले 199 दिवस समुद्रावरचे. भागाकार केला तर सरासरी जेमतेम साडेचार नॉट येते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी धावणारेही याहून जोरात जातात. चांगल्या वाऱ्यात अशी होडी कितीतरी वेगाने पळते, पण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात वारा पडला की शिडं लोंबतात आणि सरासरी घसरते.