कलरमॅप आणि कलर सायकल: मॅटप्लॉटलिबचे 'डिफॉल्ट रंग' दोन वेगवेगळे असतात

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमधे चार्ट काढायची लायब्ररी. 'मॅटप्लॉटलिबचे डिफॉल्ट रंग आवडत नाहीत, काय लावू?' असं कुणी विचारलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी 'विरिडिस लाव' म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. मला याचा आता खरंच वैताग आलाय, कारण विचारणाऱ्याला बऱ्याचदा रेघांचे रंग हवे असतात आणि सांगणारा हीटमॅपचे, म्हणजे आकड्यांप्रमाणे रंगवलेल्या चित्राचे, रंग सांगून मोकळा होतो.

कलर सायकल म्हणजे चार्टमधल्या रेघांना ओळीने मिळणारे रंग, पहिली रेघ निळी, दुसरी नारिंगी, तिसरी हिरवी, दहा रंग संपले की परत निळी. कलरमॅप म्हणजे आकड्याचा रंग करणारी पट्टी, इमशो नाहीतर पीकलरमेश ही हीटमॅप काढायची फंक्शन्स वापरली की जी लागते ती. सेटिंगही वेगळी, सायकलची 'एक्सेस.प्रॉप_सायकल' आणि मॅपची 'इमेज.सीमॅप', आणि एक बदललं म्हणून दुसरं जागचं हलत नाही. एवढं पुरे.

घोळाचं एक कारण माझ्या मते असं की जानेवारी २०१७ मधे मॅटप्लॉटलिबचं २.० व्हर्जन आलं तेव्हा दोन्ही डिफॉल्ट एकदमच बदलले. कलरमॅपमधला जेट गेला आणि विरिडिस आला, आणि सायकलमधले जुने सात रंग (निळा, हिरवा, लाल, सियान, मॅजेंटा, पिवळा, काळा) जाऊन टॅब१० हा दहा रंगांचा संच आला. लोकांच्या लक्षात राहिलं ते 'नवीन चांगले रंग म्हणजे विरिडिस' एवढंच. पण दोन्हीकडची तक्रार वेगळी होती आणि खरी गोम तिथेच आहे.

कलरमॅपमधे रंग म्हणजे 'किती'. आकडा वाढला की उजेड त्याच प्रमाणात वाढला पाहिजे, मधे कुठे उडी नको आणि कुठे उलटं नको. जेट नेमका इथे मार खातो, कारण त्याची दोन्ही टोकं गडद आहेत, एकीकडे काळपट निळा, दुसरीकडे काळपट लाल, आणि मधे सियान आणि पिवळा भगभगीत. मराठवाडा-विदर्भाचा वार्षिक पावसाचा नकाशा जेटमधे काढून बघा. बीडकडून गडचिरोलीकडे पाऊस साधारण हळूहळू वाढत जातो, महाबळेश्वरहून वाईला उतरताना धाडकन पडतो तसा प्रकार तिथे नाही. पण नकाशावर मधेच एक पिवळा पट्टा असा उठून दिसतो की बघणाऱ्याला वाटावं इथे काहीतरी हद्द आहे. आणि त्याच नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स काढलीत तर सगळ्यात कोरडा भाग आणि सगळ्यात ओला भाग, दोन्ही सारखेच काळे! विरिडिसमधे जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजेड सरळ चढत जातो, म्हणून झेरॉक्सवरही नकाशा वाचता येतो.

कलर सायकलमधे रंग म्हणजे 'कोण'. तिथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही, फक्त ओळख पटली पाहिजे. म्हणजे विरिडिसचा जो गुण, रंग बघताच क्रम कळणं, तोच इथे दोष होतो. महाराष्ट्राचे सहा महसूल विभाग घ्या. पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीच्या प्लॉटमधे 'कलरमॅप' म्हणून विरिडिस देता येतो, तो मुकाट्याने पट्टीवरचे सारख्या अंतराचे सहा रंग उचलतो आणि कॉलमच्या क्रमाने वाटून टाकतो. कॉलम इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेले असले तर अमरावती गडद जांभळी, पुणे पिवळंधमक, आणि छत्रपती संभाजीनगर, कोकण, नागपूर, नाशिक मधल्या निळ्या-हिरव्या छटांमधे, ज्यातली कुठली कुठली हे बघायला दर वेळी लेजंडकडे, म्हणजे रंग आणि नावांच्या यादीकडे, मान वळवावी लागते. एका मीटिंगमधे असाच चार्ट लागला होता, तर पहिलाच प्रश्न आला की पुणे विभाग हायलाइट का केलाय. कुणी केला नव्हता, पुण्याचं नाव यादीत शेवटी होतं म्हणून त्याला तो रंग मिळाला होता. शिवाय पांढऱ्या कागदावर पिवळी बारीक रेघ दिसत नाही ती वेगळीच गोष्ट, जुन्या सायकलमधल्या पिवळ्याची आणि सियानची रड हीच तर होती.

उलटी चूकही सर्रास होते. टॅब१० मॅटप्लॉटलिबच्या कलरमॅपच्या यादीतही आहे (हे मला मुळीच पटत नाही, रंगांची यादी आणि पट्टी एकाच नावाखाली ठेवायला नको होती), त्यामुळे लोक तो हीटमॅपला लावतात आणि सलग डेटाचे दहा तुकडे पडतात.

मग रेघांना कलरमॅप कधीच नको का? रेघांनाच क्रम असेल तर जरूर लावा. १९९० ते २०२० दर वर्षाची एक रेघ असेल तर तिथे विरिडिसच हवा, टॅब१० लावलात तर अकराव्या वर्षी परत निळा येऊन सगळा गोंधळ. फक्त पट्टीचं वरचं पिवळं टोक सोडून द्या, पट्टी ० ते १ धरली तर मी ०.८५ च्या पुढे जात नाही. सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तर दुहेरी पट्टी (मधे फिकी, दोन्ही टोकांना दोन वेगळे गडद रंग) घ्या आणि मधला फिका रंग बरोब्बर शून्यावर बसवा.

आता सायकल सुधारायचीच असेल तर टॅब१० मधे खरंच एक खोट आहे, त्यातला तिसरा हिरवा आणि चौथा लाल लागोपाठ येतात आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांची तिथे पंचाईत होते. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० व्हर्जनमधे 'पेट्रॉफ१०' नावाची स्टाइल आलीये, तिच्यातले रंग हे ध्यानात ठेवूनच निवडलेत, पण ती आपोआप लागत नाही, 'स्टाइल.यूज' करून लावावी लागते. मी तीच लावतो, आणि रेघा सहाच्या वर गेल्या की लेजंड काढून टाकून नाव थेट रेघेच्या टोकाशी लिहितो.