मेडिकल कोडिंग, एमआरडी की कॅन्सर रजिस्ट्री? फी भरायच्या आधी एवढं वाचा

आमच्या दादरच्या ऑफिसात फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, पॅकेज किती, आणि दुसरा, नाईट शिफ्ट असते का. दोन्ही बरोबरच आहेत, घर चालवायचं असतं, आम्हालाही कळतं. पण दिवसभर तिथे बसून नक्की करायचं काय असतं हे फार कमी जण विचारतात, आणि मग तीन महिन्यांनी तेच येऊन सांगतात की मॅडम हे मला वाटलं तसं नाहीये हो. म्हणून हे पत्रक. आम्ही दोघंच हा क्लास चालवतो, माझी पार्टनर अमेरिकन चार्ट कोड करून आलेली आणि मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून.

येणारे कोण असतात? बीएससी झूलॉजी करून सात वर्षं कॉल सेंटरला काढलेले, बीएचएमएस करून क्लिनिक काही चालेना असे डॉक्टर, लॅब टेक्निशियन, फिजिओ, लग्नानंतर ड्युटी सोडलेल्या आणि आता मुलं मोठी झाली म्हणून परत काहीतरी करायचंय अशा नर्स ताई. सगळ्यांना एकच शब्द माहीत असतो, कोडिंग. खरं तर या लाइनमध्ये निदान तीन वेगळ्या वाटा आहेत, अमेरिकन पेशंटच्या कागदांचं कोडिंग, इथल्या हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग म्हणजे एमआरडी आणि कॅन्सरच्या नोंदी ठेवणारी रजिस्ट्री, आणि तिन्हींचा दिवस वेगळा, पगार वेगळा, डोक्याला होणारा त्रासही वेगळा.

आधी कोडिंग म्हणजे काय, तर डॉक्टरने लिहिलेला पेशंटचा कागद, म्हणजे चार्ट, वाचून त्यातल्या आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड लावायचा, त्यावर इन्शुरन्सचं बिल जातं. ते एका कागदावर बघा. ओपीडीचा चार्ट आहे, अमेरिकेतला. डॉक्टरने लिहिलंय, चार दिवस खोकला आणि ताप, प्रोबेबल न्युमोनिया, एक्स-रे सांगितला. आता तुम्ही कोड काय लावाल? आमच्याकडे नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण जे १८.९ लावतो, म्हणजे न्युमोनिया. चूक. ओपीडीच्या नियमात प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट, म्हणजे असावा, संशय आहे, नाही ना ते तपासा, असं काही लिहिलं असेल तर तो आजार झालाच असं धरायचं नाही, जे नक्की आहे तेवढंच घ्यायचं, म्हणजे खोकल्याचा आर ०५.९ आणि तापाचा आर ५०.९. इथे कोणीतरी हुशार हात वर करतो, की सर चार दिवसांचा खोकला म्हणजे अक्यूटच ना, नुकताच सुरू झालेला, त्याला वेगळा कोड आहे, आर ०५.१. आहे ना, पण डॉक्टरने अक्यूट लिहिलंय का? नाही लिहिलं. मग तुम्ही लिहायचं नाही. आणि गंमत म्हणजे हाच पेशंट ॲडमिट होऊन घरी गेला आणि डिस्चार्जच्या वेळेला कागदावर प्रोबेबल न्युमोनिया असेल, तर इनपेशंटच्या नियमाने तो न्युमोनिया झालाय असं धरूनच हॉस्पिटलचा कोड लागतो. शब्द तोच, कागद वेगळा, उत्तर उलटं.

हे वाचून तुम्हाला मजा वाटली असेल तर पुढे वाचा. डोकं उठलं असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, तुमचे पैसे वाचले. सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो सांगू? डॉक्टरांना. त्यांना लक्षणं दिसली की निदान करायची सवय, हात आवरत नाही. त्यापेक्षा बँकेत व्हाउचर तपासलेला माणूस पटकन रुळतो, कारण कागदावर नाही म्हणजे नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

बाकी कोड पाठ करावे लागतात का, तर नाही, कोणीच करत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची यादी चालते, त्यात सत्तर हजारांच्या वर कोड आहेत, उजव्या गुडघ्याचा संधिवात एम १७.११ आणि डाव्याचा एम १७.१२ इतकं बारीक. दर ऑक्टोबरला त्यात भर पडते, काही कोड जातात. ऑपरेशन, तपासण्या यांच्यासाठी सीपीटी वेगळं, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं, नवीन आवृत्ती जानेवारीपासून लागू. म्हणजे गेल्या वर्षीचं पुस्तक कोणी स्वस्तात देत असेल तर सरावाला ठीक, परीक्षेला नको. पुस्तकात कुठे काय आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात एक्सक्लूड्स म्हणून, म्हणजे हा कोड कुठे लावायचा नाही ते, काय लिहिलंय ते वाचायची चिकाटी लागते, बस.

मराठी मीडियमचा प्रश्न हमखास येतो. बोलायचं इंग्लिश लागत नाही, वाचायचं लागतं, आणि तेही अर्धं इंग्लिश नसतंच, ग्रीक-लॅटिन असतं. मागे आयटिस आलं की दाह, एक्टमी आलं की काढून टाकलं, ऑटमी म्हणजे चिरा दिला, ऑस्टमी म्हणजे तोंड पाडून ठेवलं. कोलेक्टमी आणि कोलोस्टमी, दोन्ही मोठ्या आतड्याचीच, यांतला फरक ज्याला एकदा कळला त्याला मीडियम कुठलंही असो. इंटरव्ह्यूमध्ये मात्र चार वाक्यं बोलावी लागतात, त्याची तयारी करून घेतो.

परीक्षा सीपीसीची, म्हणजे सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर, एएपीसी नावाची अमेरिकन संस्था घेते. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के, पुस्तकं समोर उघडी ठेवायला परवानगी. म्हणून सोपी वाटते, पण प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा पूर्ण मिळत नाहीत, पानं उलटण्यातच वेळ जातो. फी डॉलरमध्ये, वर मेंबरशिप, वर पुस्तकं, आणि हा खर्च क्लासच्या फीमध्ये धरलाय की नाही हे आम्हालाच नाही, कुठल्याही क्लासला लेखी विचारा. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, तो ए म्हणजे अप्रेंटिस, तो काढायला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, किंवा एक वर्ष आणि ८० तासांचं शिक्षण. आणि सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी पुढच्या शिक्षणाची ३६ क्रेडिट. पास झालो, सुटलो असं नाहीये.

आता नाईट शिफ्ट. इथे फार घोळ होतो आणि काही लोक तो मुद्दाम होऊ देतात. चार्ट वाचून कोड लावायला अमेरिकेत कोणाशी बोलावं लागत नाही, त्यामुळे कोडिंग बऱ्याच ठिकाणी दिवसाच चालतं. रात्रीचं काम असतं ते एआर कॉलिंग, म्हणजे क्लेम, पेशंटच्या विम्याचं बिल, अडकला की तिथल्या इन्शुरन्स कंपनीला फोन लावून विचारायचं. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, तेव्हा त्यांचं ऑफिस सकाळी उघडतं ते आपली संध्याकाळ झाल्यावर. माझ्या पार्टनरने पहिल्यांदा एका क्लासला, नाव कशाला घ्यायचं, शंभर टक्के प्लेसमेंट कोडिंगमध्ये असं ऐकून पैसे भरले होते, प्लेसमेंट झाली ती कॉलिंगमध्ये. डोंबिवलीहून ऐरोलीला संध्याकाळी जायचं आणि सकाळच्या गर्दीत उलटं परत यायचं, सासूबाईंना वाटायचं ही नक्की करते काय. एआर कॉलिंग वाईट नाही, बोलायला आवडणाऱ्यांना जमतंही छान, पण ते कोडिंग नाही. ऑफर लेटरवर पदाचं नाव काय लिहिलंय ते बघा.

काम करताना फोन लॉकरमध्ये, बऱ्याच ठिकाणी साधी वही-पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत, कारण पेशंटची माहिती आहे आणि अमेरिकेचा हिपा नावाचा १९९६ चा कायदा त्यावर बसलेला आहे. शाळेतून मुलाचा फोन येईल तो दोन तासांनी कळेल, हे घरी आधीच सांगून ठेवा, हसू नका, याच कारणावरून नोकरी सोडलेल्या ताई आमच्याकडे आल्यात. रोजचं चार्टचं टार्गेट असतं आणि अचूकता बहुतेक ठिकाणी ९५ टक्के तरी मागतात, वर ऑडिटर बसलेला असतो.

दुसरी वाट आपल्या इथल्या हॉस्पिटलची, मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट, सगळे एमआरडीच म्हणतात. ही माझी. पेशंट घरी गेला की फाइल खाली येते, मग एकेक पान बघायचं, संमतीपत्रावर सही आहे का, भूलतज्ज्ञाची नोट लागली का, डिस्चार्ज समरीवर तारीख आहे का, नसेल तर त्या डॉक्टरच्या मागे फिरायचं, आणि मोठे सर्जन सहीसाठी कसे सापडतात ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून निदान तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितलं की ७२ तासांत द्यायचं. पोलीस केस असेल तर त्या फाइलला कुलूप वेगळं.

२६ जुलै २००५ ला मी ज्या हॉस्पिटलात होतो तिथली रेकॉर्ड रूम तळघरात होती. खालच्या दोन रॅकमधल्या फाइली पाण्यात. पुढचे दहा-बारा दिवस आम्ही चौघं टेबल फॅन लावून, पानांमध्ये जुने पेपर घालून फाइली वाळवत बसलो होतो, निळी शाई पूर्ण पसरलेली, बॉलपेनने लिहिलेलं मात्र बऱ्यापैकी वाचता येत होतं. एक बाई आपल्या मुलाच्या जन्माच्या वेळची फाइल मागायला आली, कशाला तरी हवी होती, आणि ती नेमकी खालच्या रॅकची निघाली. अर्धी मिळाली. तेव्हापासून मला या कामाला कारकुनी म्हटलेलं आवडत नाही, असो.

आता कॉम्प्युटर आलाय, आभा म्हणजे सरकारी हेल्थ अकाउंटचा १४ आकडी नंबर आलाय, सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम, हॉस्पिटलचा दर्जा ठरवणाऱ्या एनएबीएचच्या तपासण्या, या सगळ्याला एमआरडीची माणसं लागतात. पगार कोडिंगपेक्षा सुरुवातीला कमीच, खोटं कशाला बोलू. पण घराजवळ काम मिळू शकतं आणि चाळिशीनंतर आलेल्याला इथे कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

तिसरी वाट फार थोड्यांना माहीत असते आणि मला स्वतःला सगळ्यात आवडते ती, कॅन्सर रजिस्ट्री. मुंबईचा याच्याशी जुना संबंध आहे. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने इथे रजिस्ट्री सुरू केली, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली. नंतर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ च्या शेवटी कॅन्सर रजिस्ट्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, आणि खेड्यातली पहिली रजिस्ट्री तीही आपल्याच राज्यात, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, १९८७ ची. काम असं की शहरात कोणाला कुठला कॅन्सर कधी झाला याची पक्की मोजणी ठेवायची. त्यासाठी रजिस्ट्रीची माणसं स्वतः हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब आणि पालिकेच्या मृत्यूनोंदी इथे जाऊन कागद काढतात, घरबसल्या माहिती येत नाही.

कोड इथेही आहेत, आयसीडी-ओ म्हणतात, एक कोड जागेचा आणि एक गाठीच्या प्रकाराचा. स्तनाचा वरचा बाहेरचा भाग सी ५०.४, आणि नेहमी दिसणारा डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होणारा, ८५००/३, तिरक्या रेघेनंतरचा ३ म्हणजे पसरणारा कॅन्सर, २ असेल तर अजून जागेवरच आहे, ० म्हणजे साधी गाठ. रेघेनंतरचा एक आकडा चुकला की साधी गाठ कॅन्सर म्हणून मोजली जाते, किंवा उलट.

पण खरी कसोटी कोडची नाही, माणूस ओळखायची आहे. एकच पेशंट तीन हॉस्पिटलांत जातो, एकीकडे नवऱ्याचं नाव मधे, एकीकडे वडिलांचं, एकीकडे आडनावाचं स्पेलिंग वेगळं, वय ४८, ५० आणि ४९. तीन पेशंट की एक? आणि पत्ता. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर, धर्मशाळेत राहणारे कितीतरी जण यूपी-बिहारमधून, आपल्या विदर्भातून आलेले असतात, फॉर्मवर पत्ता मात्र मुंबईचा, भाच्याचा किंवा धर्मशाळेचा. ते मुंबईच्या आकड्यात धरायचे नसतात, निदान एक वर्ष इथे राहणाराच इथला धरतात. मग केसपेपर उलटून बघायचं, आधीचा रिपोर्ट कुठल्या गावच्या लॅबचा आहे, रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कुठून कुठे आहे. अशा कागदावर ज्याचं मन लागतं त्याला हे काम सोडवत नाही. जागा मात्र थोड्या, बऱ्याचशा प्रोजेक्टवर, काँट्रॅक्टच्या, म्हणून घरात दुसरा पगार नसेल तर फक्त याच्या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका. आधी एमआरडी किंवा कोडिंगमध्ये पाय रोवा, मग जागा निघाली की अर्ज टाका.

एआय सगळं खाणार का, हाही प्रश्न असतो. साधे एक्स-रेचे, एका ओळीचे चार्ट मशीन आजही लावतं आणि अजून लावेल, ते काम कमी होणार असं आमचं मत. मशीनने प्रोबेबल न्युमोनियाला जे १८.९ लावला तर तो पकडणारा माणूस लागेल, पण तो शिकाऊ चालणार नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं पूर्वीपेक्षा अवघड जाणार हे धरून चला आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

आम्ही प्लेसमेंटची गॅरंटी देत नाही, बायोडेटा पाठवतो आणि इंटरव्ह्यूची तयारी घेतो, तेवढंच. फी भरायच्या आधी एक शनिवार सकाळी अकरा ते एक येऊन बसा, याचे पैसे नाहीत. सरावासाठी आम्ही स्वतः बनवलेले पाच चार्ट देतो, एक पुस्तक आणि पेन्सिल. फोन बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. चष्मा असेल तर आणा, अक्षर बारीक आहे. एक वाजता आम्ही उत्तरं सांगत नाही, तुम्ही कुठे अंदाज केलात आणि कुठे वाचलंत ते तुमच्यासोबत बसून बघतो, चहा घेतो, आणि फीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे, तुम्हीही काढू नका, घरी जाऊन बोला आणि सोमवारनंतर कळवा.