दमा की सीओपीडी? बेडका काय सांगतो

धाप तीच, घरघर तीच, खोकलाही तोच. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दमा आहे की सीओपीडी (श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणारा फुप्फुसांचा आजार), हे नुसत्या स्टेथोस्कोपवर ठरत नाही. म्हणून स्पायरोमेट्री करतात: एकदा फुंकायचं, मग श्वासनळ्या रुंदावणारं औषध ओढून पुन्हा फुंकायचं. फुंकर बरीच सुधारली तर दम्याचा संशय, अडथळा हटला नाही तर सीओपीडीचा. पण वर्षानुवर्षांचा दमाही हटेनासा होतो, आणि सीओपीडीच्या काही रुग्णांना पंपाने चांगला फरक पडतो. मग प्रश्न उरतो, आतली सूज कुठल्या पेशींनी आणली आहे?

दम्यात बहुधा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात. सीओपीडीत विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावतो आणि त्यांच्यातून सुटणारी विकरं (एन्झाइम) फुप्फुसातले वायुकोश कुरतडतात.

इंग्लंडमधल्या डर्बी इथले डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन यांनी १९५८ साली एक साधी गोष्ट केली. रुग्णांचा बेडका त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांच्यात इओसिनोफिल भरपूर, त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडलं. बाकीच्यांना फारसं नाही. कुठलंही महागडं यंत्र न लावता, माझ्या मते, या विषयातलं सगळ्यात मोलाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. वैद्यकशास्त्राने ते मनावर घ्यायला मात्र काही दशकं लावली.

आता बेडक्याऐवजी बहुतेक वेळा रक्तच तपासतात. शिवाय उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजता येतो: प्रौढांत ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भागांच्या) वर गेला तर इओसिनोफिलची सूज बरीच संभवते, २५ च्या खाली असेल तर कमी. सिगारेट ओढणाऱ्यात हा आकडा मुळातच उतरतो, म्हणजे नेमका जिथे गोंधळ जास्त तिथेच तो दगा देतो. रक्ताचंही तसंच. पोटातले जंत इओसिनोफिल वाढवतात. हत्तीरोग आणणाऱ्या फायलेरिया या जंतामुळेही ते वाढतात, शिवाय कधी कधी दम्यासारखा खोकला येतो. हत्तीरोग ठाऊक असलेल्या विदर्भात तर हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गुंता आहे. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांतही इओसिनोफिल वाढलेले सापडतात. त्यामुळे आकडा रोगाचं नाव पक्कं सांगत नाही, उपचार मात्र सुचवतो. सीओपीडीत रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ३०० किंवा जास्त इओसिनोफिल असतील तर पंपातल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. १०० च्या खाली फायदा नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतोच. अमेरिकेत २०२४ साली डुपिलुमॅब हे इंजेक्शन सीओपीडीसाठी मंजूर झालं, तेही इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांपुरतंच.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रक्तातले इओसिनोफिल झपाट्याने घटतात. त्यामुळे रक्त देण्याआधी अशा गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना तसं सांगावं, आणि जुने सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट घरात असतील तर तेही सोबत न्यावेत.